कुर्दी-इंग्रजी कोश आणि फौजेचा दुभाषी

तौफिक वहबी व सी. जे. एडमंड्स या उभयतांनीं रचिलेला कुर्दी-इंग्रजी कोश १९६६ सालीं ऑक्सफर्ड येथें प्रसिद्ध झाला. वहबी हे सुलेमानियाचे कुर्द. ते प्रथम तुर्की व पुढें इराकी सैन्यांत अधिकारी होते. एडमंड्स यांचे उमेदीचे दिवस इराकांत राजकीय अधिकारी म्हणून गेले. एकाची ती मातृभाषा, दुसऱ्याची इंग्रजी. त्यामुळें अर्थ दोन्हींकडून पारखला गेला, हा या कोशाचा मोठा गुण होय. फौजेस कुर्दी दुभाषी हवा असतां, याच कोशावर एखादा हुशार पदवीधर तयार करावा असें कोणासही वाटेल. आमच्या मतें हा भरंवसा धोक्याचा आहे.

पहिलें कारण असें कीं, हा कोश सुलेमानियाकडील सोरानी बोलीचा आहे. तुर्कस्तान, सीरिया आणि इराकांतील दहोक-झाखो या भागांत कुर्मांजी चालते. १९९१ सालीं निर्वासित कुर्दांच्या रक्षणार्थ दोस्त फौजा झाखोंत उतरल्या, व २०१४ सालीं कोबानीच्या वेढ्यांत अमेरिकन विमानें कुर्दांच्या साह्यास गेलीं. दोन्ही ठिकाणीं लोकांची बोली कुर्मांजीच होती. लिपीही भिन्न: सोरानी बहुधा अरबी लिपींत लिहितात, तर तुर्कस्तान व सीरिया येथील कुर्मांजी रोमन लिपींत. केवळ ‘कुर्दी जाणणारा पाहिजे’ अशी मागणी करणें म्हणजे निम्मा प्रश्न न विचारणेंच होय.

दुसरें कारण व्याकरणाचें. ‘रामानें आंबे खाल्ले’ यांत क्रियापद आंब्यांच्या मागें जातें, हें मराठी वाचकास सांगावयास नको. कुर्मांजींतही भूतकाळीं सकर्मक क्रियापद कर्मास अनुसरतें. ‘ते एझ दीतिम’ म्हणजे ‘तूं मला पाहिलेंस’. परंतु ‘एझ’ म्हणजे ‘मी’ आणि ‘इम’ हा प्रथमपुरुषाचा प्रत्यय, एवढेंच शिकलेला नवशिका याचा अर्थ ‘मीं तुला पाहिलें’ असा करील. शब्द सारे ओळखीचे, आणि अर्थ नेमका उलटा! वाङ्मयांत अशी चूक हास्यास्पद ठरते. पहाऱ्यावर कोणीं कोणास पाहिलें, कोणीं कोणावर शस्त्र धरलें, याच्या जबानींत तीच चूक निरपराध्याच्या प्राणावर बेतते.

यांत कोशकारांचा दोष नाहीं. त्यांनीं एका बोलीचें काम घेतलें व तें चोख केलें. मात्र त्यांच्या उदाहरणाचा खरा बोध निराळा आहे: स्वतः एडमंड्स यांसारख्या जाणत्यासही वहबींची जोड लागली. म्हणून ज्या मुलखांत फौज जावयाची, त्याच बोलींत वाढलेला मनुष्य प्रथम शोधावा, आणि त्याचें भाषांतर दुसऱ्या जाणत्याकडून तपासून घ्यावें. कोश त्या दोघांमध्यें असावा. त्यांच्या जागीं नव्हे.