विरजण लावलं की पडलं?

स्पॅनिशमध्ये रंगलेल्या बेताचा कुणी विचका केला तर 'आग्वार ला फिएस्ता' म्हणतात. म्हणजे समारंभात पाणी ओतणं. इंग्रजी भाषांतरकार तिथे 'थ्रो कोल्ड वॉटर' बसवतो. पाण्याला पाणी मिळालं, आणखी काय पाहिजे? आम्हाला ही घाई वाटते. इंग्रजीतलं गार पाणी कल्पनेवर, उत्साहावर पडतं, चालू समारंभावर नाही. आणि स्पॅनिशमध्ये याचंच दुसरं रूप आहे, 'से आग्वो ला फिएस्ता': समारंभात पाणी पडलं. कुणी ओतलं, ते वाक्य सांगत नाही.

आपल्याला हे चटकन कळावं, कारण आपण हेच दुधावरून बोलतो. रात्री कोमट दुधाला विरजण लावलं की सकाळी दही. त्यात कुणाचं काही बिघडत नाही. पण आनंदावर विरजण पडतं तेव्हा नुकसान. वस्तू तीच, फरक क्रियापदाचा. 'लावलं' म्हटलं की लावणारा हात दिसतो, 'पडलं' म्हटलं की हात अदृश्य. 'वाट लावली' आणि 'वाट लागली' यांतही तेच. भाषांतर करणारे प्रतिमेच्या मागे धावतात आणि हा हात हरवून बसतात, अशी आमची तक्रार आहे.

प्रतिमेचा मोह कसा फसवतो बघा. 'डोकं खाऊ नकोस' हे आई लेकराला दिवसातून दहा वेळा म्हणते. इंग्रजीत 'बाइट समवन्स हेड ऑफ' आहे, पण त्याचा अर्थ एखाद्यावर खेकसणं. स्पॅनिशमध्येही कुणाचं डोकं खाता येतं, पण तिथे ते त्याच्या मनात काहीतरी भरवून देणं. तिन्ही भाषांत डोकं खाल्लं जातं आणि तिन्ही ठिकाणी वेगळं काही घडतं! आपल्याकडची मुलं 'डोन्ट ईट माय हेड' म्हणतात, त्याला आम्ही हसत नाही. ते निदान प्रामाणिक आहे.

इंग्रजी दुबळी आहे असं नाही. 'द प्लॅन फेल थ्रू' यातही करणारा नाही. पण 'मला वैताग आला' याचं काय करायचं? मराठीत वैताग बाहेरून येतो, आपण फक्त तो ज्याच्याकडे आला तो. 'आय ॲम अनॉइड' म्हटलं की मी मध्यभागी बसतो. स्पॅनिश 'मे फास्तिदिया' मात्र आपल्या वळणाचं आहे. तिथेही 'मला' आधी.

हे सगळं आम्ही कथा-कादंबऱ्यांपुरतं बोललो असतो, तर बिघडलं नसतं. पण श्रीरामपूरच्या कोर्टात साक्ष मराठीत होते आणि प्रकरण संभाजीनगरच्या खंडपीठात गेलं की कागद इंग्रजीत लागतात. आता एखादी बाई सांगते, 'सासरी मला फार त्रास होतो.' ती 'देतात' म्हणत नाही. कदाचित भीतीने, कदाचित नवऱ्याचं नाव तोंडी घ्यायचं नाही म्हणून. आणि 'त्रास होतो' हे आपण डॉक्टरलाही सांगतो. भाषांतरात 'शी इज अनवेल' झालं तर तिची तक्रारच गेली. 'दे हॅरास हर' झालं तर तिने न उच्चारलेला कर्ता भाषांतरकाराने घातला, आणि उलटतपासणीत वकील तिलाच विचारणार, बाई, तुम्ही असं कधी म्हणालात? 1983 साली दंडसंहितेत 498अ हे कलम आलं, आता न्यायसंहितेत ते 85 आणि 86 झालं. तिथला शब्द 'क्रुएल्टी', मराठीत आपण 'छळ' म्हणतो. त्रास आणि छळ यांच्यामधलं अंतर कोर्टानेच मोजायचं असतं. भाषांतरकाराने ते आधीच मिटवलं, तर मोजायला उरणार काय?

आम्हाला विचाराल तर वाक्य ओबडधोबड ठेवावं: तिला त्या घरात त्रास होतो, इतकंच. कर्त्याची जागा रिकामी ठेवावी. मग 'कोण देतं?' हे विचारणं वकिलाचं काम, आणि उत्तर द्यायचं की नाही ते त्या बाईचं.