अपोद्धार आणि कथेचे घटक

इंग्रजीच्या वर्गात कथा शिकवली जाते तेव्हा कथेच्या आधी एक यादी येते. कथानक, व्यक्तिरेखा, स्थलकाल, संघर्ष, दृष्टिकोण, आशयसूत्र हे ‘कथेचे घटक’. आणि उपमा, रूपक, प्रतीक, पूर्वसूचन, आयरनी ही ‘वाङ्मयीन साधने’. अमेरिकेतील शाळांत ही यादी अभ्यासक्रमाचाच भाग असते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत ती मार्गदर्शिकांतून आणि प्रश्नपत्रिकांतून विद्यार्थ्यापर्यंत पोचते. हाती आलेल्या कथेतून प्रत्येक घटकाचा एकेक नमुना विद्यार्थ्याने शोधून काढावा, एवढी अपेक्षा असते. तो शोधतोही. मात्र हे सारे नमुने हाती लागल्यावर कथा वाचली गेली आहे काय, हा प्रश्न यादीत नसतो आणि म्हणून तो विचारलाही जात नाही.

यादीतील संज्ञा एका कुळातल्या नाहीत, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेची सहा अंगे सांगितली आणि कथानकाला तिचा आत्मा मानले. त्याच्यासमोर रंगभूमी होती, छापील कथा नव्हती. गुस्टाव्ह फ्रायटागने १८६३ साली पाच टप्प्यांचा जो आलेख मांडला, तो मुख्यतः ग्रीक शोकात्मिका आणि शेक्सपिअर यांच्या आधारे. आज तोच पिरॅमिड फळ्यावर काढून आठ पानांच्या लघुकथेवर बसवला जातो. गंमत अशी की, फ्रायटागचा उत्कर्षबिंदू नाटकाच्या मध्यावर असतो. वर्गातील पिरॅमिडात तो निमूटपणे शेवटाकडे सरकला आहे, आणि शिखर मध्यावरून हलल्यावरही आकृतीला पिरॅमिडच म्हटले जाते. ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली केंब्रिजमधील व्याख्यानांत व्यक्तिरेखांचे ‘सपाट’ आणि ‘गोलाकार’ असे वर्ग केले. हा एका कादंबरीकाराचा अनुभवाधिष्ठित विचार होता; सपाट व्यक्तिरेखांचे मोल तो जाणून होता आणि त्यासाठी त्याने डिकन्सची साक्ष काढली. उत्तरपत्रिकेत मात्र ‘गोलाकार’ हे प्रशस्तिपत्र झाले आणि ‘सपाट’ हा दोष. ‘अविश्वसनीय निवेदक’ ही वेन बूथची १९६१ सालची संज्ञा. लेखकाने सांगू नये, केवळ दाखवावे, या तत्कालीन रूढ आग्रहाशी बूथने जो वाद मांडला त्यातून ती आली. अशा रीतीने प्रत्येक संज्ञा ही कोणत्या तरी प्रश्नाला दिलेले उत्तर होती. यादीने उत्तरे जपली आणि प्रश्न गाळले.

या यादीला भारतीय जोड देण्याचा मोहही अधूनमधून होतो. आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम या नाट्यशास्त्रातील पाच अवस्था फ्रायटागच्या पाच टप्प्यांशेजारी मांडल्या की साम्य सिद्ध झाले असे वाटते. पण त्या अवस्था फलाच्या दिशेने चाललेल्या नायकाच्या कार्याच्या आहेत. दोन शक्तींच्या झगड्याचा चढ-उतार त्यांच्या केंद्रस्थानी नाही. पाचाशी पाच जुळले, एवढेच.

संस्कृत साहित्यशास्त्राकडून घ्यावयाचेच असेल तर ते अन्यत्र आहे. कुंतकाने ‘वक्रोक्तिजीविता’त अलंकार आणि अलंकार्य यांचा विचार करताना एक सावध भूमिका घेतली. अलंकार वेगळा काढून दाखवता येतो, परंतु ही वेगळी काढण्याची क्रिया, म्हणजे अपोद्धार, केवळ उपाय आहे. वस्तुतः काव्यत्व असते ते सालंकार अशा संपूर्ण उक्तीला. आधी निरलंकार काव्य सिद्ध झाले आणि मग त्यावर अलंकार चढवला, असे घडत नाही. अपोद्धार ही संज्ञा भर्तृहरीच्या व्याकरणविचारातली. वाक्य अखंड असते, पदे त्यातून व्युत्पत्तीच्या सोयीसाठी काढली जातात. ती काढता येतात म्हणून वाक्य त्यांची बेरीज ठरत नाही. कथेच्या घटकांबाबत हाच विवेक सुटला आहे. दोष घटक पाडण्यात नाही. पाडलेले घटक म्हणजेच कथा, असे समजण्यात आहे.

एडगर ॲलन पो याची ‘द कास्क ऑफ अमोंटिलाडो’ ही १८४६ साली प्रसिद्ध झालेली कथा जगभरच्या इंग्रजी वर्गांतून शिकवली जाते, आणि यादीला ती इतकी सोयीची आहे की तिच्यावरच यादीची कसोटी लागते. माँट्रेसॉर हा निवेदक. फॉर्चुनाटोने केलेल्या अपमानाचा सूड घेण्याचा निश्चय तो करतो; कार्निव्हलच्या संध्याकाळी, मद्याची पारख करण्याच्या मिषाने, नशेत असलेल्या फॉर्चुनाटोला घराण्याच्या भुयारी दफनघरात नेतो, तेथे साखळदंडाने जखडतो आणि पुढे भिंत बांधून त्याला जिवंत चिणतो. यादी झपाट्याने भरते. संघर्ष: माणूस विरुद्ध माणूस. स्थलकाल: इटलीतील नगर, उत्सवाचा काळ, हाडांनी भरलेले भुयार. उत्कर्षबिंदू: भिंत. आशयसूत्र: सूड. प्रतीक: घराण्याचे मानचिन्ह, ज्यात सोनेरी पाऊल सापाला चिरडते आहे आणि सापाचे दात टाचेत रुतले आहेत. सारे बरोबर, आणि सारे निरुपयोगी.

प्रथम संघर्षाचे पाहू. माणूस विरुद्ध माणूस म्हणावयाचे तर त्यांपैकी एकाला झगडा चालू असल्याचा पत्ताच नाही. फॉर्चुनाटो विदूषकी पोशाखात, घुंगरांची टोपी घालून, मित्राबरोबर मद्य चाखायला चालला आहे. खोकला अनावर होतो तेव्हा मित्रच त्याला परत फिरण्याचा आग्रह करतो, आणि त्या आग्रहानेच त्याला पुढे ओढतो. अपमान नेमका कोणता, हेही कथा सांगत नाही. हजार आगळिकी सोसल्या, असे निवेदक म्हणतो; एकही सांगत नाही. संघर्षाचा रकाना भरताना विद्यार्थी ‘अपमानामुळे’ असे लिहितो आणि कथेने जाणीवपूर्वक मोकळी ठेवलेली जागा स्वतःच्या नकळत बुजवतो.

उत्कर्षबिंदूचा प्रश्न याहून गंभीर आहे. सूड पुरा कधी होतो, याच्या दोन अटी माँट्रेसॉर आरंभीच सांगून ठेवतो: सूड घेणाऱ्याला शासन होता कामा नये, आणि ज्याच्यावर सूड घेतला त्याला तो कोण व कशासाठी घेत आहे ते कळले पाहिजे. पहिली अट पाळली गेली. दुसरी? भिंतीआडून फॉर्चुनाटो आधी किंचाळतो, मग ही एक थट्टाच आहे असे म्हणून हसू पाहतो, शेवटी विनवतो. आपण कशाचे प्रायश्चित्त भोगत आहोत हे त्याला कोणीही सांगत नाही. माँट्रेसॉर त्याच्या किंकाळ्यांना किंकाळ्यांनीच उत्तर देतो, त्याचे शब्द त्यालाच परत ऐकवतो. आपल्या अपमानाचे नाव मात्र उच्चारत नाही. अखेरच्या हाकेला आतून येतो तो फक्त घुंगरांचा आवाज. निवेदकाच्या स्वतःच्या व्याख्येनुसार हा सूड पुरा झाला असे म्हणणे कठीण आहे. पिरॅमिडाच्या शिखरावर जे नोंदवले जाते ते एका अपुऱ्या राहिलेल्या कृत्याचे शिखर आहे, आणि हे कळण्यासाठी ‘कथानक’ व ‘दृष्टिकोण’ हे दोन रकाने एकाच वेळी उघडावे लागतात.

दृष्टिकोणाच्या रकान्यात सामान्यतः ‘प्रथमपुरुषी’ एवढे लिहिले जाते. ही व्याकरणातली नोंद आहे, वाङ्मयीन निरीक्षण नव्हे. कोण बोलतो याइतकेच कोणाशी, केव्हा आणि कशासाठी बोलतो हे महत्त्वाचे असते. माँट्रेसॉर आपल्या अंतरंगाची ओळख असलेल्या कोणा एकाला हे सांगतो आहे, आणि ते अर्ध्या शतकानंतर सांगतो आहे. हा कालावधी शेवटच्या ओळींत, जवळजवळ जाता जाता कळतो. तो कळताच मागचा सारा मजकूर बदलतो. ज्या तपशिलाने तो दगडांचे थर मोजतो, साखळीचा खणखणाट निवांत ऐकता यावा म्हणून काम थांबवून हाडांच्या ढिगावर बसल्याचे सांगतो, तो तपशील पन्नास वर्षे जपलेला आहे. कामाच्या अखेरीस आपले मन खचले असे तो म्हणतो आणि लगोलग त्याचा दोष भुयारातील ओलीवर टाकतो. हे वाक्य कथानकाच्या आलेखात कोठेच बसत नाही. व्यक्तिरेखा, वातावरण आणि निवेदन असे तीन घटक तेथे एका वाक्यात आहेत, आणि ते वेगळे केले की वाक्याचा अर्थच उरत नाही: ओल हे वातावरण, पण येथे ते सबबीचे काम करते, सबब ही व्यक्तिरेखेची, पण ती पकडली जाते केवळ निवेदनात. हा ऐकणारा कोण? मृत्युशय्येवरचा कबुलीजबाब ऐकणारा धर्मगुरू असावा, हा तर्क अनेक समीक्षकांनी केला आहे. तो सिद्ध करता येत नाही. पण तो मनात येताच कथेतील शेवटच्या लॅटिन प्रार्थनावचनाचा रोख बदलू शकतो. मृताला शांती लाभो ही इच्छा नेमकी कोणासाठी आहे?

साधनांच्या बाबतीतही हेच. आयरनीचे शाब्दिक, नाट्यगत आणि प्रसंगगत असे तीन प्रकार पाठ करून घेतले जातात, आणि या कथेत तिन्ही सापडतात. फॉर्चुनाटो हे भाग्यवंताचे नाव प्रसंगगत खाती जाते, दीर्घायुष्य चिंतून उंचावलेला प्याला शाब्दिक खाती. फॉर्चुनाटो फ्रीमेसन मंडळाची खूण करतो आणि माँट्रेसॉर झग्याखालून गवंड्याची थापी काढून आपणही मेसन असल्याचे दाखवतो. हा प्रसंग वर्गात फार आवडतो, कारण त्यात श्लेष दाखवता येतो. तथापि श्लेष दाखवून काम संपत नाही. थापी पाहून वाचक दचकतो, फॉर्चुनाटो क्षणभर मागे सरून ती थट्टा समजतो. पण प्रथम वाचनात वाचकालाही भिंतीची कल्पना नसते. ही आयरनी दुसऱ्या वाचनातली आहे, आणि दुसऱ्या वाचनात वाचक माँट्रेसॉरच्या बाजूला उभा असतो, त्याच्याइतकेच जाणणारा. भुयारात फॉर्चुनाटो हसत असताना वाचकाला जे अधिक कळते आहे, त्याचा किंचित आनंदही त्याला होतो. साधनाचे नाव सांगून त्या आनंदाकडे पाठ फिरवता येते. वाचकाला गुन्ह्यात ओढणे हा या कथेचा खरा व्यवहार आहे आणि यादी त्याच्यापासून विद्यार्थ्याचे रक्षण करते.

पोने स्वतः १८४२ साली हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना एकसंध परिणामाचा सिद्धांत मांडला होता: कथेतील एकही शब्द पूर्वनियोजित परिणामाबाहेरचा नसावा. हा सिद्धांत जरा जास्तच आवळलेला आहे, आणि त्याची स्वतःचीही ही कथा त्यात पुरती मावत नाही. ओलीवर ढकललेले ते मन खचणे निखळ भयाच्या परिणामाला तडा देते. तरीही अंश स्वयंपूर्ण नसतात हे त्याने जाणले होते. मराठीत मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची मांडणी केली तीही घटकांच्या जंत्रीपेक्षा त्यांच्या संबंधांवर भर देणारी होती. आपल्याकडील कथाविषयक प्रबंधांची प्रकरणे मात्र अजूनही कथानक, पात्रचित्रण, वातावरण, भाषाशैली याच क्रमाने येतात, आणि एकच कथा चार ठिकाणी चार वेळा सांगितली जाते.

यादीच्या बाजूने एक आक्षेप विचारात घ्यावा लागेल. नवख्या वाचकाला कोठून तरी आरंभ करावाच लागतो. परक्या भाषेतील कथेपुढे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला काही आधार नको काय? हवा. ब्रुक्स आणि वॉरन यांच्या १९४३ सालच्या ‘अंडरस्टँडिंग फिक्शन’ या पाठ्यपुस्तकातही कथानक, व्यक्तिरेखा, आशयसूत्र असेच विभाग आहेत. पण त्या विभागांत कथा आहेत, आणि प्रत्येक कथेनंतर तिच्यापुरते प्रश्न आहेत. एका कथेचे प्रश्न दुसरीला लागू पडतीलच असे नाही. नेमकी हीच अडचण प्रश्नपत्रिकेला परवडत नाही. पोची कथा शिकवताना उपमा किती हे विचारण्याऐवजी माँट्रेसॉर हे कोणाला सांगतो आहे असे विचारले, तर वर्गातून दहा उत्तरे येतील आणि त्यांतील प्रत्येक उत्तरासाठी विद्यार्थ्याला पहिल्या परिच्छेदाकडे परत जावे लागेल. कथानक, वातावरण, आयरनी या संज्ञा त्याला तेव्हाही लागतील. अपमान कोणता होता, हे त्याला त्यानंतरही सापडणार नाही.