कोकुल्लोचा सर्पोत्सव आणि ‘अवशेष’ उपपत्ती : एक चिकित्सा

लोकोत्सवांच्या अभ्यासात मूळशोधाची ओढ इतकी प्रबळ असते की, उत्सवाचे मूळ सापडले म्हणजे त्याचा अर्थही हाती आला, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. शब्दाची व्युत्पत्ती हाच त्याचा अर्थ, ही समजूत भाषाशास्त्राने केव्हाच टाकून दिली. विधींच्या अभ्यासात मात्र ती अद्यापि सुखेनैव नांदत आहे. इटलीतील कोकुल्लो या गावी दरवर्षी होणाऱ्या ग्रामसंताच्या उत्सवाविषयी जी उपपत्ती रूढ आहे, तिची चिकित्सा करून या समजुतीचे स्वरूप स्पष्ट करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कोकुल्लो हे आब्रुत्सो प्रांतातील, लाक्विला जिल्ह्यातील डोंगराळ गाव. त्याची वस्ती आज अडीचशेहूनही कमी आहे. गावाचा पालक संत म्हणजे बेनेडिक्टाइन मठाधिपती दोमेनिको. याचा जन्म इ. स. ९५१ मध्ये फोलिन्यो येथे झाला आणि १०३१ मध्ये सोरा येथे तो निवर्तला. त्याने आपला एक दात आणि आपल्या खेचराचा नाल गावाला दिला, अशी श्रद्धा असून ही दोन्ही स्मृतिचिन्हे तेथे जपली आहेत. सर्पदंश, पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश आणि दातदुखी यांपासून रक्षणासाठी भाविक या संताला साकडे घालतात. मार्चच्या सुमारास साप शीतनिद्रेतून बाहेर पडू लागले, की ‘सेर्पारी’ म्हणजे साप पकडणारे लोक रानात हिंडून त्यांना जमा करतात. उत्सवाच्या दिवशी प्रार्थनाविधी झाल्यावर संताची मूर्ती चौकात आणून तिच्या अंगाखांद्यावर जिवंत साप सोडतात आणि तशीच ती गावातून मिरवतात. पारंपरिक वेशातील मुली कंकणाकृती गोड पाव डोक्यावरील टोपल्यांतून नेतात. भाविक मंदिरातील घंटेची दोरी दातांनी ओढतात, आणि तेथील पवित्र माती शेतात टाकण्यासाठी घरी नेतात. उत्सव संपल्यावर साप जेथून आणले तेथेच सोडून दिले जातात.

या उत्सवाची रूढ उपपत्ती अशी : प्राचीन काळी फुचिनो सरोवराच्या परिसरात मार्सी नावाचे लोक राहत. अंगितिया ही त्यांची देवी सर्पविद्येशी संबद्ध होती. व्हर्जिलच्या ‘ईनिड’च्या सातव्या सर्गात उम्ब्रो नावाचा मार्सी पुरोहित येतो, मंत्राने व हस्तस्पर्शाने तो सापांना निद्रिस्त करतो आणि दंशावर उपचार करतो. पुढे ख्रिस्ती धर्म आला, देवीच्या जागी संत बसला; साप तेवढे राहिले. सारांश, आजचा उत्सव म्हणजे मूर्तिपूजक विधीचा अवशेष होय. या मताच्या लोकप्रियतेला साहित्याचाही हातभार लागला असावा. गाब्रिएले दान्नुन्त्सिओ यांनी १९०५ मध्ये लिहिलेल्या ‘ला फियाक्कोला सोत्तो इल मोज्जो’ या नाटकाचे स्थळ कोकुल्लोजवळील आन्व्हेर्सा हे आहे. त्यातील एका सेर्पारोच्या मुलीचे नाव नाटककाराने अंगित्सिया असेच ठेवले. देवी आणि गारुडी यांची अशी गाठ नाट्यकल्पनेने सहज घालून दिली. परंतु नाटककाराला जे स्वातंत्र्य असते ते संशोधकाला नाही.

या उपपत्तीवरील पहिला आक्षेप पुराव्याचा आहे. व्हर्जिल आणि संत दोमेनिको यांच्यामध्ये सुमारे एक हजार वर्षांचे अंतर आहे. दोन भाषांतील शब्दांचे नाते सिद्ध करताना आपण ध्वनिपरिवर्तनाच्या मधल्या पायऱ्या मागतो. तशा पायऱ्या येथे कोणी दाखविल्या आहेत काय? केवळ साम्य पुरेसे नसते. ‘सेर्पारो’ हाच शब्द पाहा. साप या अर्थाच्या ‘सेर्पे’ला ‘-आरो’ हा व्यवसायवाचक प्रत्यय लागून तो सिद्ध झाला आहे. मराठीतील ‘लोहार’, ‘कुंभार’ यांच्या अंती येणारा ‘-आर’ ध्वनीने त्याच्याशी जुळतो आणि कार्यही तेच करतो. तथापि आपला ‘-आर’ संस्कृत ‘-कार’पासून आला, तर इटालियन ‘-आरो’ लॅटिन ‘-आरियुस’पासून. रूप सारखे, कार्य सारखे, आणि तरीही या दोन प्रत्ययांत कोणतेही जननिक नाते नाही. उम्ब्रो आणि सेर्पारो यांच्या साम्याचे मोल यापेक्षा अधिक आहे, हे सिद्ध करण्याचा भार उपपत्ती मांडणाऱ्यावर आहे. शिवाय व्हर्जिलचा उम्ब्रो हा पुरोहित आहे. सेर्पारोचे नाव मात्र त्याला कारागिरांच्या पंक्तीत बसविते. त्यातच मायेल्ला पर्वताच्या पूर्व उतारावरील, म्हणजे मार्सींच्या भूमीबाहेरील, प्रेतोरो येथेही याच संताच्या उत्सवात साप असतात, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. तेथे साप मार्सींच्या मागून आले म्हणावे, की संताच्या मागून?

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ही उपपत्ती उत्सवातील एकाच घटकाचे स्पष्टीकरण करते. अंगितियेने साप दिले असे क्षणभर मानले, तरी दात कोणी दिला? कुत्र्याचा दंश आणि दातांनी ओढायची दोरी कोठून आली? फेर्दिनां द सोस्यूर यांनी एककालिक व ऐतिहासिक अभ्यासांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. चिन्हाचे मूल्य त्याच्या पूर्वेतिहासाने ठरत नाही; त्याच व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या संबंधांनी ठरते. या दृष्टीने पाहता कोकुल्लोतील सामग्री विस्कळीत राहत नाही. साप दातांनी डसतो, पिसाळलेला कुत्रा दातांनी चावतो, दातदुखी तर दाताचीच. संताचे स्मृतिचिन्ह दात, आणि भाविकाने घंटा वाजवायची तीही दातांनीच. मराठीत ‘दंश’ आणि ‘दाढ’ हे दोन्ही शब्द ‘दंश्’ या एकाच धातूकडे जातात. हा केवळ दृष्टान्त आहे, पुरावा नव्हे. परंतु चावणारा दात आणि तारणारा दात या विरोधाभोवती हे विधी गुंफले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही. या व्यवस्थेत साप हा एक घटक आहे. प्रेक्षणीय असल्यामुळे तो डोळ्यांत भरतो, इतकेच.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. मूर्तीवर चढविले जाणारे साप बिनविषारी असतात. त्यांत चार पट्ट्यांचा ‘चेर्व्होने’ प्रमुख. शेतकऱ्याला व धनगराला ज्याचे खरे भय, तो विषारी व्हायपर मिरवणुकीत नसतो. म्हणजे मूर्तीवरील साप भयाच्या विषयाचे चिन्ह आहे. तो विषय स्वतः तेथे नाही.

अल्फोन्सो दि नोला यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या उत्सवाचा विस्तृत विचार केला आहे. ग्रंथाच्या शीर्षकातच ग्राम्शींच्या परिभाषेतील ‘अधीनस्थ’ हे विशेषण संस्कृतीला लावले आहे, आणि ते सूचक आहे. मेंढरे घेऊन डोंगर आणि मैदान यांमध्ये फिरणाऱ्या, वैद्यकीय मदतीपासून दूर असलेल्या माणसाला दंश हे प्रत्यक्ष संकट होते. त्याच्या प्रार्थनेला ‘अवशेष’ म्हणणे म्हणजे तिच्यामागील निकड नाकारणे होय.

ही निकड आता ओसरली आहे. उत्सव मात्र टिकून आहे. पूर्वी तो मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी होत असे. २०१२ पासून तो १ मे रोजी होतो. हा इटलीत सार्वजनिक सुटीचा दिवस असल्याने, बाहेरगावी स्थायिक झालेल्यांना व पाहुण्यांना येणे त्यामुळे सुलभ होते, हे उघड आहे. चेर्व्होनेला युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास-निर्देशाने संरक्षण दिले असल्यामुळे साप पकडण्यास शासकीय परवानगी लागते. आता सर्पशास्त्रज्ञ पकडलेल्या सापांची तपासणी आणि मोजमाप करतात. ज्या प्राण्यापासून रक्षण मागावयाचे, त्याचेच रक्षण करण्याचे निमित्त हा उत्सव झाला आहे. अवशेषवादी याला ऱ्हास म्हणेल, कारण त्याच्या दृष्टीने मुळापासूनचा प्रत्येक बदल म्हणजे क्षय. शब्दाचा अर्थ पालटला म्हणून तो भ्रष्ट झाला, असे भाषेचा अभ्यासक मात्र म्हणणार नाही.

ऐतिहासिक शोध निरर्थक आहे, असा या विवेचनाचा आशय नाही. मार्सींची परंपरा आणि हा उत्सव यांना जोडणारे दुवे उद्या मिळाले, तर त्यांचे स्वागतच केले पाहिजे. मात्र ते मिळाले तरी ‘हे कोठून आले’ या प्रश्नाचेच उत्तर मिळेल. ‘दातांत दोरी धरून घंटा वाजविणारी वृद्धा काय करीत आहे’ हा प्रश्न तसाच उरेल. आपल्याकडील जत्रा-यात्रांवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी हे दोन प्रश्न प्रारंभीच वेगळे करणे अगत्याचे आहे. पहिल्याचे उत्तर मिळो वा न मिळो, दुसऱ्याचे उत्तर देऊ शकणारी माणसे आज आपल्यासमोर आहेत. ती नेहमीच असतील असे नाही.