दोष-निवारणाच्या तक्त्यातला गाळलेला रकाना

मोटारीच्या माहितीपुस्तकात शेवटी बहुधा दोष-निवारणाचा तक्ता असतो. रकाने तीन : लक्षण, कारण, उपाय. 'काळा धूर येतो' यासमोर सहा-सात कारणे आणि उपाय बहुतेक एकच, 'भाग बदला'. त्या सहा-सातांतले नेमके कोणते, हे कोणत्या चाचणीने ठरवायचे त्याला तक्त्यात जागाच नाही. आमची तक्रार आहे ती याबद्दल.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या मोटरसायकलींतही फ्युएल इंजेक्शन आले. पालघर-बोईसरच्या गॅरेजांत आता स्क्रू पिळून भागत नाही, स्कॅनर लागतो. समजा त्याने 'पी ०१७१' दाखवले. अर्थ एवढाच, की मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे. पंप अशक्त असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा फाटक्या नळीतून जादा हवा शिरत असेल. तरी पुष्कळदा बदलला जातो तो ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे बातमी आणणाराच! इंधनाचा दाब मोजला तरी बरीच कारणे तिथेच बाद होतात.

याहून फसवा दोष कोड न देणारा. इंजिनाचे तापमान सांगणारा सेन्सर हा थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा रोध घटतो. एका प्रचलित प्रकारात तो २० अंश सेल्सिअसला सुमारे २५०० ओहम, ४० ला ११७५ आणि ८० ला ३२० असतो. तारापूरच्या खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना गंजून ८५० ओहमची भर पडली, तर ८० अंशांचे इंजिन संगणकाला ४० अंशांचे वाटते आणि तो जादा पेट्रोल देत राहतो. ४० हा आकडा अशक्य नाही, म्हणून तो तक्रारही करीत नाही. इंजेक्टर बदलून काय होणार? सेन्सरचा सुटा रोध आणि संगणकाकडच्या टोकापासून मोजलेला रोध, यांतला फरक साधा मल्टिमीटर दाखवतो.

एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते, हे आपण शाळेत शिकवतोच. पण विचारतो फक्त 'समतुल्य रोध काढा'. त्याऐवजी थर्मिस्टर गरम पाण्यात सोडावा, तारेत एक रोध लपवावा आणि मुलांना पाण्याचे तापमान विचारावे. उत्तर चुकले की मगच तापमापी द्यावी. दोष कुठे आहे ते मुलेच शोधतील. मोटारीची इंधननळी मात्र शाळेत सोडवू नये. इंजिन बंद झाल्यावरही तीत दाब टिकून असतो.