दिव्याचा रोध किती?

विद्युतशक्तीच्या धड्यातले एक उदाहरण शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. '२३० व्होल्ट, ६० वॅट' असा शिक्का असलेल्या दिव्याचा रोध काढा. विभवांतर १८० व्होल्ट झाल्यास शक्ती काढा. विद्यार्थी धारा ०.२६ अँपिअर व रोध सुमारे ८८२ ओहम काढतो, आणि तोच रोध वापरून ३७ वॅट असे उत्तर लिहितो. त्याला पूर्ण गुण मिळतात.

आमचा आक्षेप येथेच आहे. महाडच्या एका शाळेत आम्ही असा थंड दिवा मल्टिमीटरला जोडला, तेव्हा सत्तरच्या आसपास ओहम दिसले. पोलादपूरकडच्या वाडीवरून येणाऱ्या एका मुलीने विचारले, "सर, गणित चुकलं की मीटर?"

दोन्ही बरोबर! टंगस्टनची तार पेटून पांढरी झाली की तिचा रोध दहा-पंधरा पट होतो. १८० व्होल्टला ती कमी तापते, रोध घटतो. म्हणून शक्ती ३७ नव्हे, ४० वॅटच्या आसपास राहते. प्रकाश मात्र निम्म्याहून कमी होतो.

शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा, रोध म्हणजे विभवांतर भागिले धारा. ही सूत्रे खोटी नाहीत. रोध बदलत नाही, हे मात्र गृहीतक आहे. आजच्या एलईडी दिव्यातील परिपथाला तर ते मुळीच लागू पडत नाही.

म्हणून प्रश्नात 'रोध स्थिर मानून' एवढे तीन शब्द घालावेत. नाहीतर मीटर वाचणाऱ्या मुलीचे गुण कापले जातील.