बडोद्याच्या आधुनिक कलेचे अभिलेख : स्वरूप, सामर्थ्य आणि मर्यादा

प्रास्ताविक

आधुनिक भारतीय कलेचा इतिहास प्रामुख्याने पूर्ण झालेल्या कलाकृतींच्या आधारे लिहिला गेला आहे. चित्र दालनात लागले की त्याची नोंद होते. परंतु ते कोणत्या चर्चेतून, कोणत्या पाठातून वा कोणत्या मतभेदातून आकाराला आले, याचा माग चित्रात क्वचितच लागतो. तो पत्रे, टिपणवह्या, छायाचित्रे, निमंत्रणपत्रिका आणि अल्पजीवी नियतकालिके यांत सापडतो. एखाद्या प्रदेशातील कलाव्यवहाराचा विचार करताना ही सामग्री विशेष महत्त्वाची ठरते. बडोद्याच्या आधुनिक कलेशी संबंधित अभिलेखसंग्रह हे याचे उत्तम उदाहरण होय. या संग्रहांनी कलेतिहासाला काय दिले आणि त्यांवर विसंबताना कोणती सावधगिरी आवश्यक आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

पार्श्वभूमी

बडोद्याचा कलाव्यवहार मराठी अभ्यासकांना परका नाही. सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत १८९० मध्ये तेथे कलाभवन स्थापन झाले. दादासाहेब फाळके यांनी काही काळ तेथे शिक्षण घेतले होते. स्वातंत्र्योत्तर काळात, १९५० मध्ये, महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला शाखा सुरू झाली. मार्कंड भट्ट हे तिचे पहिले अधिष्ठाता होते. शंखो चौधुरी यांनी शिल्पकलेची, तर इंदूरच्या मराठी परिसरातून आलेल्या ना. श्री. बेंद्रे यांनी चित्रकलेची धुरा सांभाळली. बेंद्रे १९६६ पर्यंत तेथे होते. शांतिनिकेतनात घडलेले के. जी. सुब्रमण्यन १९५१ मध्ये बडोद्यास आले. कलाशिक्षणाला विद्यापीठीय पदवीच्या चौकटीत स्थान देणे आणि कलानिर्मितीच्या जोडीला कलेतिहासाचे अध्यापन ठेवणे, ही या शाखेची वैशिष्ट्ये होत.

संग्रहांचे स्वरूप

बडोद्याचे आज सर्वांत सुलभ असलेले अभिलेख विद्यापीठाच्या दप्तरात नव्हे, तर अध्यापकांच्या घरच्या कपाटांत घडले. ज्योती भट्ट, रतन परिमू, गुलाममोहम्मद शेख आणि सुब्रमण्यन यांच्या व्यक्तिगत संग्रहांचे संगणकीय प्रतिरूप हाँगकाँग येथील ‘एशिया आर्ट आर्काइव्ह’ या २००० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने तयार केले. ते अभ्यासकांसाठी आंतरजालावर खुले आहे. हे चौघेही कलावंत होते, शिक्षक होते आणि कलेविषयी लिहिणारेही होते. त्यामुळे त्यांनी जपलेल्या कागदांत निर्मिती, अध्यापन आणि विचार या तिन्ही व्यवहारांचे धागे एकत्र येतात.

संग्रहांचे सामर्थ्य

या सामग्रीचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे, जे टिकण्यासाठी निर्माणच झाले नव्हते, तेही तिच्यामुळे इतिहासाच्या कक्षेत येते. १९६१ पासून भरू लागलेल्या ललित कला मेळ्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. या मेळ्यात शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी व शोभेच्या वस्तू बनवीत आणि शहरातील सर्वसामान्य ग्राहकांना विकत. त्या वस्तू घरोघरी गेल्या, मोडल्या, हरवल्या. मात्र ज्योती भट्ट यांच्यासारख्यांचा कॅमेरा तेथे होता. सुब्रमण्यन यांच्या विचारात कारागिरी आणि कला यांच्यातील सातत्याला जे स्थान आहे, ते केवळ त्यांच्या निबंधांतून वाचणे वेगळे आणि मेळ्याच्या गजबजाटात हाताला रंग लागलेले शिक्षक व विद्यार्थी पाहणे वेगळे. तत्त्व आणि आचरण यांचा मेळ येथे तपासता येतो.

हीच गोष्ट ‘वृश्चिक’ या नियतकालिकाची. शेख आणि भूपेन खख्खर यांनी १९६९ ते १९७३ या काळात ते चालविले. ललित कला अकादमीच्या कारभारावरील टीका आणि भक्तिकवितेची भाषांतरे एकाच नियतकालिकात नांदत होती. बडोद्याची आधुनिकता म्हणजे पाश्चात्त्य शैलींचे प्रांतीय अनुकरण, हा आक्षेप ‘वृश्चिक’च्या अंकांसमोर टिकत नाही.

संग्रहांच्या मर्यादा

असे असले तरी या संग्रहांना बडोद्याचा इतिहास समजणे ही गंभीर चूक ठरेल. कपाट ज्याचे, निवड त्याची. उपरोक्त चारही संग्रह पुरुष अध्यापकांचे आहेत. ज्यांनी पुढे कला सोडली असे विद्यार्थी, ओतशाळेतील व मुद्रणशाळेतील साहाय्यक, मेळ्यातील ग्राहक हे सर्व छायाचित्रांत दिसतात. पण त्यांचे स्वतःचे म्हणणे फारसे उमटत नाही. नसरीन मोहमदी यांनी १९७२ पासून बडोद्यात अध्यापन केले. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या बहुतेक चित्रांना त्यांनी ना शीर्षक दिले, ना तारीख. त्यांनी काढलेली छायाचित्रे त्यांच्या हयातीत प्रदर्शित झाली नाहीत. जपून, लावून ठेवलेल्या दप्तराच्या बळावर उभा राहणारा इतिहास अशा कलावंताला सहज कडेला ढकलू शकतो. तिच्या मौनाचा अर्थ लावण्यासाठी वेगळी पद्धतीच लागते.

दुसरी मर्यादा भाषेची आहे. शेख हे गुजरातीतील महत्त्वाचे कवी. ‘अथवा’ हा त्यांचा संग्रह १९७४ चा. सुरेश जोशी यांच्याभोवतीच्या वाङ्मयीन वर्तुळाशी त्यांचा निकटचा संबंध होता. तथापि या संग्रहांची सूची आणि वर्णने इंग्रजीत आहेत. इंग्रजी शोधशब्दाच्या वाटेने जाणाऱ्या अभ्यासकाला चित्रकार शेख सहज सापडतात; गुजराती कवी शेख मात्र हातून निसटण्याचा संभव राहतो. प्रादेशिक कलेचा अभिलेख प्रादेशिक भाषेविना वाचला, तर त्याची प्रादेशिकताच गळून पडते.

जतनाचे दायित्व

मे २००७ मध्ये याच शाखेत एका विद्यार्थ्याच्या परीक्षेसाठी मांडलेल्या कलाकृतींवरून वाद उद्भवला व त्याला अटक झाली. निषेधार्थ विद्यार्थ्यांनी कलेतिहास विभागाच्या संग्रहातील, भारतीय परंपरेतील शृंगारिक प्रतिमांचे प्रदर्शन मांडले. ते बंद करण्यास नकार देणारे प्रभारी अधिष्ठाता निलंबित झाले आणि विभागाचे प्रादेशिक दस्तऐवजीकरण केंद्र सीलबंद करण्यात आले. संस्थेच्या ताब्यातील अभिलेख आपोआप सुरक्षित राहतो, हा समज या घटनेने खोटा ठरविला. परंतु त्यावरून व्यक्तिगत संग्रह आणि परदेशस्थ संगणकीय प्रतिरूप हाच उपाय होय, असेही म्हणता येत नाही. प्रतिरूपामुळे वाचन सुलभ होते. मूळ कागदाच्या जतनाची जबाबदारी संपत नाही. शिवाय ज्याच्या घरी कपाट नव्हते, त्याचे प्रतिरूप कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

समारोप

बडोद्याच्या अभिलेखांनी कलाशिक्षणाला कलेतिहासाच्या केंद्रस्थानी आणले, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य होय. मात्र त्यांचे वाचन साक्षीच्या चिकित्सेप्रमाणे व्हावयास हवे : काय जपले गेले, कोणी जपले आणि कोणाचे जपले गेले नाही, हे तिन्ही प्रश्न एकत्र विचारले पाहिजेत. हे प्रश्न बडोद्यापुरते मर्यादित नाहीत. प्रत्येक महाविद्यालयात हस्तलिखित अंक, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, निवृत्त अध्यापकांची टिपणे दरवर्षी रद्दीत जातात. उद्याच्या इतिहासकाराला काय उपलब्ध असेल, याचा निर्णय आजच्या आवरासावरीत, बहुधा कोणाच्या लक्षात न येता, घेतला जात असतो.