मारबत व बडग्या : रूपाची भाषा आणि पाटीची भाषा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. काळी व पिवळी अशा दोन प्रचंड स्त्रीमूर्ती आणि त्यांच्या जोडीने अनेक बडगे जुन्या वस्त्यांतून फिरविले जातात व अखेरीस त्यांचे दहन होते. काळ्या मारबतीची प्रथा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगितली जाते. या सोहळ्याकडे लोकाचार म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. परंतु गर्दीच्या डोक्यांवरून वाहून न्यावयाची रचना म्हणूनही त्याचे परीक्षण होणे अगत्याचे आहे.

या परीक्षणाचे सूत्र लोकांच्या बोलण्यातच सापडते. मारबत ‘काढतात’, बडग्या ‘काढतात’, सोंगही ‘काढतात’. ‘काढणे’ या क्रियापदात बाहेर आणून दाखविणे आणि बाहेर घालविणे हे दोन्ही अर्थ नांदतात. काटा काढावा आणि मिरवणूकही काढावी. मारबतीच्या बाबतीत या दोन अर्थांची फारकत करता येत नाही. जी पीडा गावाबाहेर घालवावयाची, तिला प्रथम सर्वांच्या डोळ्यांपुढे आणावे लागते. म्हणून अशा आकृतीची पहिली कसोटी ही की, ती दुरून, चालती असताना, क्षणार्धात ओळखू यावी.

या कसोटीस मारबत पूर्णपणे उतरते. तिची ओळख रंगात आहे आणि वर्षानुवर्षे होणाऱ्या रूपाच्या पुनरावृत्तीत आहे. काळ्या मारबतीचा संबंध भोसले घराण्यातील बाकाबाईंच्या इंग्रजधार्जिण्या वर्तनाशी जोडण्यात येतो; दुसऱ्या समजुतीप्रमाणे मारबत ही पूतनेचे रूप होय. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. म्हणजे परंपरेने दिलेले वर्ष मानल्यास ही मूर्ती त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळाने निघू लागली. मूळ रोख कोणताही असो, आज तो ठाऊक नसलेला प्रेक्षकही मूर्तीपुढे बुचकळ्यात पडत नाही. अर्थाच्या कथा अनेक असल्या तरी रूप एकच आहे, आणि ते स्वयंपूर्ण आहे.

बडग्याची गोष्ट निराळी. तो दरवर्षी नवा. महागाई, भ्रष्टाचार, एखाद्या पुढाऱ्याचे वर्तन असा ताजा विषय घेऊन तो उभा राहतो. त्याच्या ठायी पुनरावृत्तीचे बळ नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी त्याच्या छातीवर पाटी येते. पाटी आली की कारागिराची बुद्धी सैल पडते. धड कोणाचेही, चेहरा कसाबसा, आणि सारा अर्थ अक्षरांत! प्रेक्षक मग पाहत नाही, वाचतो. आणि ज्याच्यापर्यंत अक्षरे पोचत नाहीत त्याच्या दृष्टीने एक बडग्या दुसऱ्यासारखाच.

यावर असा आक्षेप संभवतो की, नाव नसेल तर उपहासाचा बाण बोथट होईल. आक्षेप निराधार नाही. तथापि मिरवणूक मुकी नसते. नाव पुकारण्यास आरोळी समर्थ आहे. आकृतीने करावयाचे काम वेगळे आहे. दुर्गुणाला अवयव देणे हे ते काम होय. महागाईचा बडग्या करावयाचा तर सुटलेले पोट आणि त्याला लटकलेली रिकामी पिशवी पुरेशी आहे. कोकणातील शिमग्याच्या खेळ्यांत संकासुर येतो तो काळा पोशाख, उंच निमुळती टोपी आणि कमरेच्या घुंगरांसह. त्याच्या गळ्यात कोणी पाटी अडकवीत नाही. संकासुर परंपरेने परिचित आहे हे खरे. परंतु तो परिचय ज्या साधनांनी टिकला ती साधने, म्हणजे बाह्यरेषा, रंग, चाल आणि नाद, बडग्याच्या कर्त्यालाही उपलब्ध आहेत.

दहन हेही रचनेचेच अंग आहे. बांबू, कागद व कापड यांची आकृती लवकर पेटते आणि पाहता पाहता कोसळते. जे घालवावयाचे ते गेले, हे डोळ्यांना पटते. थर्मोकोल वा प्लास्टिक वापरल्यास विषारी धूर उठतो आणि पीडा काढण्याचा विधी नवी पीडा मागे ठेवून जातो.

पाटीमुळे होणारी हानी केवळ सौंदर्याची नाही. नाव लिहिलेला बडग्या एका व्यक्तीची निंदा करून त्याच संध्याकाळी संपतो. दुर्गुणाचे रूप धारण केलेला बडग्या पाहणाऱ्यालाही आपल्यातील त्या दुर्गुणाची आठवण देतो. मारबतीच्या शेजारून चालण्याची योग्यता त्यालाच येते.